अण्णानं टिकवलेला गुच्छ

आमच्या अण्णाला तपासण्याचा रोगच आहे. राजगोपाल त्याचं नाव. ओरगडमच्या ट्रक कारखान्यात सुटे भाग तपासण्यात त्याची तीस वर्षं गेली. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी दाराची बिजागरी, गॅसची नळी, माझ्या पोळ्यांची जाडी, काही म्हणता काही त्याच्या नजरेतून सुटत नाही. मी त्याची धाकटी बहीण श्रीविद्या. वेस्ट मांबलममध्ये त्याच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते, म्हणून हे सगळं माझ्याच वाट्याला येतं.

एप्रिलमध्ये त्याची बायको, आमची हेमावहिनी, शाळेतून निवृत्त झाली. एकतीस वर्षं गणित शिकवलं तिनं. निरोपाला शाळेतल्या मुलींनी भला मोठा गुच्छ दिला : गुलाब, कार्नेशन, पिवळी शेवंती. तो मांडीवर घेऊन ती अण्णाबरोबर ऑटोत बसली आणि घर यायच्या आतच तिच्या छातीत कळ आली. ऑटो तसाच इस्पितळात नेला. बायपास करावी लागेल, म्हणाले. आयसीयूत फुलं चालत नाहीत, म्हणून नर्सनं गुच्छ अण्णाच्या हातात दिला.

तो घेऊन अण्णा घरी आला. "विद्ये, हिनं ही फुलं धड पाहिलीसुद्धा नाहीत. ती परत येईपर्यंत ही टिकली पाहिजेत."

"अरे, डॉक्टर आठ-दहा दिवस म्हणतायत. या उकाड्यात?"

"टिकली पाहिजेत म्हणजे पाहिजेत!"

आमच्याकडं फुलं म्हणजे मल्लीचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा. संध्याकाळी माळायचा, सकाळी टाकायचा. फुलदाणी कुठून असणार? अण्णानं स्टीलचा उंच डबा साबणानं दोनदा घासला. मोबाइलवर व्हिडिओ लावून, वहिनीचा कोनमापक घेऊन, पाण्याखाली देठ तिरके कापले. पाण्यात बुडतील ती पानं खुडली. चिमूटभर साखर, चार थेंब लिंबू. बोअरचं पाणी खारट, म्हणून प्यायच्या कॅनमधलं पाणी फुलांना, आणि मी घोटभर प्यायले तर माझ्याकडं डोळे वटारून बघणार! फुलांना वारा लागतो म्हणून हॉलमधला पंखा बंद. घामानं मी नुसती निथळत होते.

त्यात समाचाराला येणाऱ्यांची रीघ. आजारी माणसाच्या घरी रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हणून जो तो केळी आणि सफरचंदं घेऊन यायचा. ती मी टेबलावर त्या डब्याशेजारीच रचत गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळी कार्नेशनं मिटून माना टाकून बसलेली. अण्णानं कुठंतरी वाचलं की पिकत्या फळांतून एक वायू सुटतो, त्यानं फुलं लवकर सुकतात. झालं!

"तुझी केळी! तुझ्या केळ्यांनी घात केला!" तो ओरडला.

"माझी? आपल्याच गोतावळ्यानं आणून टाकलीयत ना?"

मग सगळी फळं वॉचमनच्या खोलीत गेली. दुपारी वेंकटमामा डझनभर केळी घेऊन आले, तर अण्णानं त्यांना दारातच अडवलं. मामा रुसले ते रुसलेच.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण इस्पितळात वहिनीजवळ हा दहा मिनिटं टिकत नव्हता. आत यायचा, मॉनिटरवरचे आकडे बघायचा, सलाइनचे थेंब मोजायचा, घड्याळ बघायचा. "पाणी बदलायचंय," म्हणत निघायचा. ऑपरेशन झालं, तिला वॉर्डात आणलं, तरी तेच. खुर्चीत मी बसून, आणि वहिनीचे डोळे दाराकडं. माझं डोकं फिरलं.

"बायको मोठी की फुलं रे?" जिन्यात गाठून विचारलं मी. तो घड्याळ बघत उतरून गेला.

दहाव्या दिवशी वहिनी घरी आली. गुच्छातली चार शेवंतीची फुलं आणि दोन गुलाब उरले होते. रोज थोडं थोडं कापून देठ बोटाएवढे झालेले. अण्णानं ती पेल्यात घालून तिच्या पलंगाशी आणली. "बघ हेमा! दहा दिवस! एप्रिलमध्ये!"

वहिनीनं फुलांकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "यांच्यासाठी रोज निघून जायचात?"

"हो. दिवसातून दोनदा पाणी..."

"ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी तुमचा हात धरला होता. तो सोडवून गेलात. मला वाटलं, मी काही जगत नाही, ते तुम्हाला कळलंय, म्हणून थांबत नाही."

अण्णाचा चेहरा उतरला. पेला मी त्याच्या हातून काढून घेतला. "नाही गं," तो म्हणाला. "तुझ्या नाकात नळी, हाताला सुया. तिथं मला काहीच करता येत नव्हतं. इथं निदान पाणी तरी बदलता येत होतं. फार भीती वाटत होती, हेमा." आणि माझा भाऊ, साठीचा बाप्या, हुंदके देऊन रडायला लागला.

वहिनीनं त्याला रडू दिलं. मग म्हणाली, "भीती मलाही वाटत होती हो. पण मी एकटीच होते."

अण्णानं तिचा हात धरला. मी मेली पेला हातात घेऊन तशीच उभी राहिले.