शामियान्यातले आकाशदर्शन

महाल नावाच्या वस्तीतल्या आमच्या घरी संकष्टीचा चंद्र नेहमी उशिरा उगवायचा. पंचांगाचा त्यात दोष नव्हता. पूर्वेच्या शेजाऱ्यांनी तिसरा मजला चढवला होता, आणि तो ओलांडून अंगणात उतरायला चंद्र भरपूर वेळ घेई. तोवर आत्याच्या पोटात कावळे ओरडत. चंद्र बघून अर्घ्य दिल्याशिवाय ती घास घ्यायची नाही.

म्हणून गावाबाहेर, उडणे सोडलेली दोन विमाने जिथे लोकांना बघायला ठेवली होती, तिथल्या मैदानावर मोठ्या दुर्बिणीतून आकाश दाखवणार असे कळले, आणि तो दिवसही संकष्टीचाच निघाला, तेव्हा आत्याने लगेच हिशेब मांडला.

"मोकळं मैदान आहे. चंद्र निघाला का दिसते. टांगा सांग गा, मी येते."

तिने गणपतीला नैवेद्य दाखवला, मोदकांचा डबा आणि पाण्याचा लोटा घेतला आणि आम्ही निघालो.

पोचलो तर विमानांच्या शेजारी भला मोठा शामियाना. समारंभाचे पाहुणे नुकतेच सरकारकडून रावसाहेब झालेले होते, आणि नव्या रावसाहेबांना उघड्यावर बसवणे समितीला प्रशस्त वाटले नव्हते. दुर्बीण तर समारंभाची शोभा. तिलाही आत गालिच्यावर उभे केले होते. तिच्यातून छताची झालर फार स्पष्ट दिसत असावी. चारी बाजूंना कनाती होत्या.

आत्याने वर पाहिले. "काहून गा, आभाळ झाकून ठेवलं का यांनी?"

"दव पडते, बाई," बिल्ला लावलेला स्वयंसेवक म्हणाला.

रावसाहेबांनी पुष्पक विमानापासून सुरुवात केली. लंकेहून अयोध्येला पोचून ते थांबतील असे वाटले होते. पण तिथून ते सरकारच्या उपकारांकडे वळले. आत्याची चुळबूळ सुरू झाली. शेवटी ती उठून पूर्वेच्या कनातीपाशी गेली.

"भाषण संपल्याशिवाय कनात उघडत नाही," स्वयंसेवक आडवा आला.

"चंद्राले सांगून ठेवलं का तसं?"

आणि ती खाली बसून कनातीखालून निम्मी बाहेर गेली. क्षणभर शामियान्यात फक्त तिच्या लुगड्याचा काठ उरला. मग बाहेरून आवाज आला, "निघाला वं!"

बायकांच्या सगळ्या रांगा उठल्या. आत्यासारखाच हिशेब करून बऱ्याच जणी आल्या होत्या. पदराआडून लोटेच लोटे निघाले. पुढच्या कोचावरच्या रावसाहेबांच्या बाईसाहेबही त्यांत होत्या. रावसाहेब 'प्रगती' या शब्दावर थबकले.

"निघाला का?" ते खाली उतरलेच. "मलेही उपास आहे. चंद्रोदयापर्यंत वेळ काढाचा म्हणून बोलून राहिलो होतो. आतून काही कळतच नाही ना!"

अर्घ्य देऊन झाल्यावर आत्याने त्यांच्यापुढे डबा धरला. "घ्या मोदक. पण आता बोलू नका."

मग चौघा स्वयंसेवकांनी दुर्बीण बाहेर आणली. आत्याने पोटभर खाऊन सावकाश चंद्र पाहिला. "देवी येऊन गेलेल्या दिसतात याले," एवढाच तिचा अभिप्राय.

घरी आलो तेव्हा तो शेजाऱ्यांच्या तिसऱ्या मजल्यावरून नुकता डोकावत होता. आत्याने टांग्यातून उतरता उतरता वर पाहिले.

"आता येऊन काय करतं? जेवली मी."