शनी पाहिल्याचं पत्र

टॅक्सी दुपारी एकला येणार होती आणि साडेबारापासूनच खडकीतल्या आमच्या क्वार्टरसमोर अर्धी लाईन जमली होती. पंचाण्णवचा जुलै. लाईनीतला पहिला मुलगा अमेरिकेला चालला होता, त्यामुळे सल्ला द्यायचा हक्क सगळ्यांनाच होता. वडील कारखान्यात टर्नर. त्यांनी सुट्टी टाकली होती आणि दर पाच मिनिटांनी "पासपोर्ट?" एवढंच विचारत होते. मी खिशावर हात ठेवला की मान हलवत होते. शेजारच्या निकम काकूंनी नारळ आणला होता, तो कुठल्या बॅगेत घालायचा यावर वाद चालला होता.

आईने हातावर दही घातलं. आता "जपून राहा" म्हणेल, म्हणून मी तोंड तयार ठेवलं होतं. ती म्हणाली, "तिकडे मोठ्या दुर्बिणी असतात. लोकांना बघायला देतात, मी वाचलंय. शनी बघ. आणि बघितलास की मला लिही, जसा दिसला तसा."

"अहो वहिनी," निकम काकू ओरडल्याच, "पोरगं घराबाहेर पडतंय आणि शनीचं नाव काय काढताय! साडेसाती लावाल मागे."

सगळे हसले. मीही हसलो आणि "हो गं आई" म्हणालो. हे "हो गं आई" तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, विशेषतः जे माझ्यासारखे गेले त्यांना. समोरचं माणूस गप्प बसावं म्हणून म्हणायचं असतं ते.

आई मॅट्रिकला शास्त्रात केंद्रात पहिली आली होती. पुढे कॉलेजऐवजी लग्न झालं. कामगार वाचनालयात विज्ञानाचं एक कपाट होतं आणि त्यातल्या पुस्तकांच्या मागच्या चिठ्ठ्यांवर ओळीने एकच सभासद क्रमांक असायचा, तिचा. पोळ्या करताना पुस्तक पिठाच्या डब्याला टेकवून उभं असायचं. पान उलटायचं ते उजव्या हाताच्या करंगळीने, कारण तेवढंच बोट कोरडं. मोठमोठे शास्त्रज्ञ तिच्या बोलण्यात सासरच्या नातेवाइकांसारखे यायचे आणि नावं ती घ्यायचीच नाही. एक सफरचंदवाला, एक पॅरिसची बाई, जिच्या वह्या अजून उघड्या हाताने धरता येत नाहीत. आणि सगळ्यांत लाडका म्हणजे चारशे वर्षांपूर्वीचा इटलीवाला. वडील म्हणायचे, "इटलीवाल्याकडे बघून झालं असेल तर आमटीकडे बघ."

इटलीवाल्याची गोष्ट मी शंभरदा ऐकली असेल. त्याने छोट्या दुर्बिणीतून शनी पाहिला, तर दोन्ही बाजूंना कान असल्यासारखे दिसले. दोन वर्षांनी पुन्हा पाहिलं तर कान गायब. ती कडी होती आणि आपल्या डोळ्यांच्या रेषेत आडवी आली की ती दिसेनाशी होतात, हे त्याला कळायची सोय नव्हती. लोक हसतील याची भीती असतानाही त्याने लिहून ठेवलं की आता काही दिसत नाही. आई लाटणं थांबवून म्हणायची, "एवढा मोठा माणूस, पण दिसलं नाही तर दिसलं नाही म्हणाला बघ." मी ताटावर बसून आणखी भाजी मागायचो. मला बारावीला फिजिक्समध्ये अठ्ठ्याऐंशी मार्क होते आणि कुतूहल शून्य.

एकदा, मी इंजिनिअरिंगला असताना, तिने पेपरातली छोटी बातमी दाखवली होती. पेठेतल्या एका शाळेच्या गच्चीवर काही हौशी मंडळी शनिवारी संध्याकाळी दुर्बीण लावतात, कुणीही यावं. स्कूटरवरून सोडशील का, असं तिने विचारलं. माझी सबमिशन होती. पुन्हा तिने विचारलं नाही आणि मला आठवण राहिली नाही.

तिचं संक्रांतीचं हळदीकुंकू लाईनीत प्रसिद्ध होतं, जरा थट्टेचाच विषय म्हणून. इतर घरी वाण म्हणून वाट्या, चाळण्या, कंगवे मिळत. आमच्याकडे तिळगुळाबरोबर चोवीस पानी पुस्तिका. एका वर्षी चंद्र, एका वर्षी धूमकेतू, एका वर्षी पॅरिसची बाई. बायका म्हणायच्या, "वहिनी, पुढच्या वर्षी निदान गाळणी तरी द्या हो, चहा होईल." आई म्हणायची, "गाळणी तुमच्या घरी चार आहेत. धूमकेतू एक तरी आहे का?" मग पाच मिनिटं त्या पुस्तिकेबद्दल बोलायची. बायका मांडीवरच्या ओट्या सावरत ऐकायच्या. हसायच्या, पण यायच्या सगळ्या.

ओहायोमध्ये आम्ही चौघे कॉन्ट्रॅक्टर एका अपार्टमेंटमध्ये राहत होतो. दिवसभर एका विमा कंपनीचे जुने कोबोल प्रोग्रॅम वाचायचे, संध्याकाळी भात लावायचा, शनिवारी लाँड्री. वेधशाळा होती, आईने म्हटल्याप्रमाणे लोकांना बघायलाही देत होती. वीस मैलांवर, दर शनिवारी. आधी गाडी नव्हती. गाडी आली तेव्हा ओव्हरटाइम आला. ओव्हरटाइम नव्हता तेव्हा क्रिकेटची व्हिडिओ कॅसेट आली होती. खोटं कशाला सांगू, मनातच नव्हतं.

फोन निकम काकूंच्या घरी यायचा. डिसेंबरात मी केला तेव्हा आईने तब्येत, थंडी, जेवण यांना फाटा देऊन पहिलं वाक्य टाकलं, "बघितलास?" मिनिटं पळत होती. नाही म्हटलं असतं तर का नाही हे सांगावं लागलं असतं.

"हो, बघितला की."

मग म्हणाली, "सगळं फोनवर नको सांगू. लिहून पाठव. संक्रांतीला बायकांना वाचून दाखवते."

दुसऱ्या दिवशी लंच टाइममध्ये पत्र लिहायला बसलो. माझ्या क्यूबिकलमध्ये आधीच्या माणसाने सोडलेलं एक कॅलेंडर होतं, त्यात यानाने काढलेला शनीचा फोटो होता. तो समोर ठेवून मी दीड पान भरलं. सोन्याच्या बांगड्यांसारखी लखलखणारी रुंद कडी, त्यांच्यामधली काळी फट, ग्रहावर पडलेली त्यांची सावली. शेवटी लिहिलं, "आई, तुझी फार आठवण झाली." हे वाक्यही खोटंच होतं, कारण आठवण व्हायला आधी तिथे जायला हवं होतं. पत्र छान उतरलं म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

आईचं उत्तर फेब्रुवारीत आलं. पत्र मिळालं, बायकांना आवडलं, वडिलांचा खोकला बरा आहे. त्यानंतरच्या कुठल्याच पत्रात शनी नव्हता. आकाशही नव्हतं. आदल्या दिवाळीतल्या ग्रहणाबद्दल तिने चार पानं लिहिली होती. झाडाखाली पानांच्या फटींतून पडलेल्या सूर्याच्या शेकडो कोरी तिने लाईनीतल्या सगळ्यांना अंगणात ओढून आणून दाखवल्या होत्या. आता पत्रांत लोणचं, लग्नं, कुणाची बदली. मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच वाटलं होतं. अखेर चारचौघींसारखी आई मिळाली, असंही मी रूममेटला म्हणालो होतो.

मग ग्रीन कार्ड, लग्न, घर. वडील निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं, ते दोघं कात्रजला माझ्या बहिणीजवळच्या फ्लॅटमध्ये गेले. माझी मुलगी जन्मली तेव्हा आई तीन महिने आमच्याकडे आली होती. पुस्तक एकही आणलं नव्हतं. बाळाला न्हाऊमाखू घालायची, डिंकाचे लाडू करायची. एकदा दुकानात जाताना रस्त्यावर वेधशाळेची पाटी आली. तिने सावकाश अक्षरं लावत ती मोठ्याने वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "थंडीत बंद असतं ते."

"असेल," ती म्हणाली.

ती गेली तेव्हा मी दोन दिवस उशिरा पोचलो. दहाव्याला निकम काकू दोन बस बदलून कात्रजला आल्या. खूप थकल्या होत्या. माझा हात धरून बसल्या आणि बोलता बोलता त्या संक्रांतीवर आल्या.

"तुझ्या पत्राची तिने किती वाट बघितली म्हणून सांगू. वाचनालयातलं कसलंसं मासिक घेऊन बसायची. मला म्हणाली, यंदा शनीची कडी दिसतच नाहीत, आडवी आलीत. सगळ्या चित्रांत असतात आणि माझ्या पोराला दिसली नसणार. बिचारा गोंधळला असेल. काय लिहितो बघू. अशी हसत होती, लहान मुलीसारखी. मग पत्र आलं. तिने उभ्याउभ्या वाचलं आणि घडी करून डब्यामागे ठेवलं. हळदीकुंकवाला ती काही ते काढेना. मीच मेलीने म्हटलं, वहिनी, पत्र आलंय ना पोराचं, वाचा की! मग वाचलं तिने. वरच्या मजल्यावरची नवी सून होती ना, बी.एस्सी. झालेली, ती म्हणाली, काकू, पण यंदा कडी दिसत नाहीत ना?"

"मग?" मी विचारलं.

"मग काय. तुझी आई पटकन म्हणाली, बरोबर आहे तुझं. त्याने तसंच लिहिलं होतं, पण पत्र भिजलं म्हणून मी दुसऱ्या कागदावर उतरवलं आणि उतरवताना पुस्तकातलं मिसळलं. माझीच चूक. बायका हसल्या, वहिनींच्या डोक्यात शनी बसलाय म्हणाल्या. अरे, पत्रावर तुझं अक्षर होतं. मी शेजारीच बसले होते, मला दिसत होतं. तुझी आई खोटं बोललेली मी तेवढीच एकदा ऐकली."

काकूंनी डोळे पुसले. "पुढच्या वर्षीपासून तिने वाणाला प्लास्टिकच्या डब्या दिल्या. बायका म्हणाल्या, चला, सुटलो. कुणी विचारलंसुद्धा नाही का म्हणून."

त्यानंतर पुण्याला मी बऱ्याचदा आलो आणि वर बघायचं टाळलं. पुणं आता माझ्याशिवाय व्यवस्थित चाललं आहे. कात्रजहून हिंजवडीला जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मी ओहायोत दोन गावं पार करतो, असं भाच्याला म्हणालो तर तो म्हणाला, "मग तिकडेच थांबायचं ना मामा." बरोबर आहे त्याचं.

या डिसेंबरात त्याच भाच्याने मोबाइलवर एक निरोप दाखवला. शाळेच्या गच्चीवर, शनिवारी संध्याकाळी, दुर्बीण, कुणीही यावं. मी पत्ता वाचला. पेठेतली तीच शाळा. मी एकटाच गेलो.

रांगेत बहुतेक आयटीतली मुलं होती, गळ्यात अजून ऑफिसचं ओळखपत्र. दुर्बीण साधीच, माझ्या कमरेएवढी. तिच्याजवळचे गृहस्थ प्रत्येकाला सांगत होते, "यंदा कडी दिसणार नाहीत. फार तर एक रेघ, आणि पुण्याच्या धुळीत तीही नाही. फोटोतला शनी हवा असेल तर फोटोच बघा." मी विचारलं, हा कार्यक्रम कधीपासून करता? ते म्हणाले, "चाळीसेक वर्षं झाली. मी कॉलेजात असल्यापासून येतोय." मग रांगेकडे वळून त्यांनी समजावलं की शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला जवळजवळ तीस वर्षं लागतात.

तीस वर्षं. म्हणजे मी कॅलेंडर समोर ठेवून पत्र लिहीत होतो तेव्हा तो आकाशात साधारण इथेच होता आणि असाच दिसत होता. आणि तो बघायला ओहायोला जायची गरजच नव्हती. खडकीहून स्कूटरवर अर्धा तास. तिला मागे बसवून आणायचं होतं फक्त.

माझी पाळी आली. मी डोळा लावला. बघून पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो. तिसऱ्यांदा आलो तेव्हा गृहस्थ म्हणाले, "तोच आहे हो अजून, बदललेला नाही." मग माझा चेहरा पाहून म्हणाले, "बघा, बघा. सावकाश बघा."

घर कुठे, असं मला तिकडचे लोक विचारतात आणि इकडचेही. मी इतकी वर्षं खडकी सांगत आलो. पण त्या क्वार्टरमध्ये आज दुसरंच कुटुंब राहतं आणि मला त्याचं काही वाटत नाही. माझं खोटं जिने चारचौघींत आपल्या नावावर घेतलं आणि मला कळूही दिलं नाही, ती होती तिथवर माझं घर होतं. आता जे आहेत ते पत्ते आहेत.

तरी त्या रात्री बहिणीकडे येऊन मी कागद घेतला. तिने सांगितलं होतं तसं, जसा दिसला तसा लिहायचा म्हणून. फार वेळ लागला नाही, तीनच ओळी झाल्या.

आई, आज शनी पाहिला. मुगाच्या डाळीएवढा, पिवळट, हवेने थोडा हलणारा. कडी दिसली नाहीत.