विमलअक्कांनी नथ घालायला नकार दिला

विमलअक्का फिरल्या म्हणून मेल्या, असं ज्यांना अजून वाटतं त्यांनी ही पोस्ट जरूर वाचावी.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

वर्षभर मी हेच ऐकतेय. "या वयात कशाला हिंडायचं?" "हार्टचं दुखणं असताना कोचीला कोण जातं?"

सांगते कोण जातं.

धुळ्याला देवपुरात अक्कांचं ब्यूटी पार्लर होतं. नवरा गेल्यावर बरेच दिवस त्या घरातच बसून होत्या. मग एक दिवस पार्लर सुनेच्या, वैशालीच्या हाती दिलं आणि फिरायला निघाल्या. एकट्या. एसटीने, रेल्वेने, मिळेल त्याने.

आल्या की ब्लॉग लिहायच्या, व्हिडिओ टाकायच्या. सगळं अहिराणीत.

माझाही ट्रॅव्हल ब्लॉग आहे हे तुम्हाला माहीत आहे. मी जळगावच्या पिंप्राळ्याची. पण आमची ओळख ना जळगावात झाली, ना धुळ्यात. झाली जयपूरला, ट्रॅव्हल ब्लॉगर्सच्या कॉन्फरन्समध्ये.

माझी पहिलीच कॉन्फरन्स होती. गळ्यात बॅज, हातात व्हिजिटिंग कार्डं आणि बोलायला कोणी नाही. जो तो आधी फॉलोअर्स विचारायचा, मग नाव.

चहाच्या टेबलाशी पंजाबी ड्रेस आणि स्पोर्ट्स शूज घातलेल्या एक बाई माझा बॅज वाचत म्हणाल्या, "जळगावनी शे का तू? मी धुळानी. चाल, संगे बसूत."

तेव्हापासून आम्ही प्रत्येक कॉन्फरन्सला संगेच.

पुढच्या वर्षी आयोजकांनी अक्कांना स्टेजवर बोलावलं. छोट्या शहरांतल्या ब्लॉगर्सवर चर्चा होती.

स्टेजमागे टीममधली एक मुलगी नऊवारी आणि भली मोठी नथ घेऊन आली.

"आंटी, ये पहन लीजिए. थोडा ऑथेंटिक लगेगा."

अक्का हसल्या. "बेटा, मैंने ज़िंदगीभर दुल्हनें सजाई हैं. मुझे मत सजाओ."

"मॅम, स्पॉन्सर को प्रॉमिस किया है."

"तो स्पॉन्सर को पहनाओ."

आणि अंगावरच्या पंजाबी ड्रेसवर, स्पोर्ट्स शूज घालूनच स्टेजवर गेल्या.

सूत्रसंचालक गोड आवाजात म्हणाला, "पहले दो लाइन अपनी मीठी बोली में सुनाइए, फिर हिंदी में बात करेंगे."

अक्का म्हणाल्या, "दोनच लाइनी कशाले? बठ्ठं अहिराणीमा सांगस." म्हणजे सगळंच.

मी दुसऱ्या रांगेत होते. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ये वं वर. हिंदी तू कर."

माझ्या शेजारी एका हॉटेल कंपनीचा माणूस बसला होता. त्याच्याशी माझं एक काम जवळजवळ ठरलं होतं. तो हळूच म्हणाला, "मत जाइए. अच्छा नहीं लगेगा."

मी गेले.

अक्का बोलल्या. लळिंगच्या किल्ल्यावर बाईने एकटीने कसं जावं. हिवाळ्यात कोणी शेतात भरीत खायला बोलावलं तर निवांत वेळ काढून का जावं. सातपुड्याच्या पायथ्याला कोणाच्या दारात फोटो काढण्याआधी बसावं, पाणी प्यावं, विचारावं. तिथली माणसं तुमच्या फोटोची बॅकग्राऊंड नाहीत.

त्या एक वाक्य बोलायच्या, मी त्याचं हिंदी करायची.

अर्धा हॉल चहाला उठून गेला. उरलेला अर्धा शेवटपर्यंत बसला.

नंतर झारखंडची एक मुलगी आली. अक्कांचा हात धरून म्हणाली, "मैं अपनी भाषा में लिखने से डरती थी."

अक्का म्हणाल्या, "आता घाबरू नको." मराठीतच म्हणाल्या. तिला कळलं.

हॉटेल कंपनीचा फोन मला परत कधी आला नाही. आणि पुढच्या वर्षी अक्कांना आमंत्रण आलं नाही.

मी फोनवर तणतणत होते. तिकडून त्या शांतपणे म्हणाल्या, "नही बलावं त काय व्हयनं? पास इकत भेटस ना."

पास विकत घेतले. गेलो. अक्का पहिल्या रांगेत बसल्या. प्रश्नोत्तरांत माइक मागून घेतला आणि विचारलं, "आज सुबह से इस स्टेज पर कितनी भाषाएँ बोली गईं?"

त्यांनी माइक परत दिला आणि खाली बसल्या.

मग हार्टचं दुखणं निघालं. उपचार झाले. डॉक्टरांनी फिरायला परवानगी दिली, तेव्हा मी समोर होते. नातेवाइकांनी मात्र दिली नाही.

त्यांना विचारलं कोणी होतं?

कोचीच्या कॉन्फरन्सला आम्ही गेलो. स्टेजवर ती झारखंडची मुलगी होती. स्वतःच्या भाषेत बोलत होती, शेजारी तिची मैत्रीण इंग्रजी करत होती.

अक्का टाळ्या वाजवत राहिल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "माले त काहीच समजनं नही. पण भारी वाटनं."

कोचीहून आल्यावर काही दिवसांनी, धुळ्याला स्वतःच्या घरी, जेवून दुपारी जरा आडव्या झाल्या. त्या उठल्याच नाहीत.

दहाव्याला त्यांचे एक दीर सगळ्यांसमोर म्हणाले, "फिरणं नडलं."

अक्कांचा मुलगा अमोल फार बोलत नाही. त्या दिवशी बोलला.

"काका, बाबा गेल्यावर ती भिंतीकडे तोंड करून बसायची. तेव्हा आम्हाला तिची भीती वाटायची. फिरायला लागली आणि आई आम्हाला परत मिळाली."

काका उठून गेले. पण विषय सोडला नाही.

परवा पुन्हा देवपूरच्या घरी आले होते. अक्कांचं पेज आता बंद करा, शोभत नाही, म्हणाले. वैशालीने त्यांना चहा दिला आणि सांगितलं की पेज चालू राहणार आहे. ती स्वतः अहिराणीत लिहिते आहे. आणि पुढच्या महिन्यात ती माझ्याबरोबर कॉन्फरन्सला येते आहे.

काका म्हणाले, "आता तू पण?"

"हो काका. तिकीट काढलंय."

अक्का, आम्ही दोघी निघतोय. तुम्हाला भरल्या डोळ्यांनी, ताठ मानेने आदरांजली.