तिसऱ्या पिंजऱ्यातले उंदीर

"खिशातली बाटली काढा, निर्मलदा," मी म्हणालो.

निर्मलदा आमच्या कलकत्त्याच्या लॅबोरेटरीतले केमिस्ट. एका झाडाच्या सालीतून त्यांनी अल्कलॉइड वेगळं केलं होतं. अल्कलॉइड म्हणजे वनस्पतीतलं कडू, जहाल द्रव्य, क्विनाईन त्यातलंच. कॅन्सर झालेल्या उंदरांवर ते मी तपासत होतो. बराकपूरला त्यांची बायको त्याच रोगाने अंथरुणाला खिळली होती. आज ते औषध घेऊन घरी निघाले होते.

"तुझेच उंदीर बरे झाले ना रे?"

तसं दिसत होतं खरं. उंदराच्या पोटात कॅन्सरच्या पेशी सोडल्या की तिथे पाणी साठतं, वजन वाढतं. वजन वाढलं नाही तर औषध लागू पडलं, असा आमचा हिशेब. दुसऱ्या पिंजऱ्यातले, औषध न दिलेले उंदीर फुगले; औषध दिलेले सडपातळ राहिले. डायरेक्टरसाहेबांनी खुशीत संदेश मिठाई वाटली होती.

मला औषधवाल्यांच्या पिंजऱ्यात रोज उरलेलं खाणं खटकत होतं.

"तिसरा पिंजरा लावू द्या," मी म्हणालो. "रोग तोच, औषध नाही. फक्त खाणं मोजून, औषधवाले खातात तेवढंच."

"बर्गी कुठला! बंगाल लुटायला आलेल्या तुम्हा मराठ्यांसाठीच बागबाजारला खंदक खणला होता." पण बाटली त्यांनी टेबलावर ठेवली.

तिसऱ्या पिंजऱ्यातले उंदीरही तसेच सडपातळ राहिले. मग मी औषध दिलेल्यांची पोटं उघडली. मायक्रोस्कोपखाली पेशी खच्चून भरल्या होत्या. औषधाने भूक मारली होती, रोग नाही.

"रिपोर्ट असाच पाठवायचा?" साहेबांनी विचारलं.

"असाच, सर."

निर्मलदा बराच वेळ मायक्रोस्कोपवर वाकून होते.

"म्हणजे तिला द्यायला काहीच नाही?"

"हे नाही. यानं जेवण सुटेल वहिनींचं."

त्यांनी स्वतःच बाटली सिंकमध्ये ओतली.

दुर्गापूजेच्या आधीच वहिनी गेल्या. "शेवटपर्यंत माशाचा झोल आणि भात आवडीनं खाल्ला तिनं," श्राद्धाच्या दिवशी निर्मलदांनी माझा हात धरून सांगितलं. समजूत मी घालायची, ती ते घालत होते. माझा निष्कर्ष बरोबर होता. आजही मी तोच देईन. तरी त्या घराच्या पायऱ्या पुन्हा चढायचं धैर्य मला झालं नाही.

खात्यात नवा माणूस आला की त्याला मी एवढंच सांगतो: उंदीर तोलण्याआधी तो किती जेवला ते बघ.