पंख्याच्या पट्ट्याला एरंडेल

गाडीच्या पंख्याच्या पट्ट्याला मी एरंडेल पाजलं, आणि त्या सकाळी तरी मला वाटलं की माझ्याएवढी शहाणी अख्ख्या कडेगावात नसेल.

आबा, म्हणजे माझे वडील, फौजेत ड्रायव्हर होते. पेन्शनीत आल्यावर त्यांनी एक जुनी मोटार घेतली. सत्तरच्या दशकात आमच्या आळीत ती एकच. फौजेत म्हणे ठरलेले मैल झाले की पट्टा बदलायचाच, चांगला असला तरी. हे आम्हाला शंभरदा ऐकवून झालं होतं. घरच्या गाडीचा पट्टा मात्र महिनाभर केकाटत होता, आणि नवा पट्टा डिकीत कागदात गुंडाळून पडला होता. "चालतंय की अजून," म्हणायचे. हुकूम सोडणारं घरात कुणी नव्हतं ना!

सांगलीला अध्यापिका विद्यालयात अकराला माझी मुलाखत होती. प्रवेश मिळाला तर शिक्षण, नाही तर माघात लग्न, असं आई आणि आत्यानं पक्कं केलं होतं. असल्या दिवशी केकाटत जायचं मला नको वाटलं. बैलगाडीचा आस कुरकुरला की आम्ही वंगण घालायचो. त्याच न्यायानं मी पट्ट्याला एरंडेल चोपडलं. आवाज बंद! आबा खूश, मी गप्प.

तासगावच्या अलीकडे बॉनेटमधून वाफा निघाल्या. आबांनी गाडी उसाच्या कडेला घेतली, पट्टा चाचपला आणि बोट हुंगलं.

"ह्याला त्याल कुणी लावलं?"

"मी, आबा. लय वरडत व्हता म्हणून."

मला रडूच कोसळलं. आपल्याच हातानं लग्न ओढवून घेतलं होतं. आबांनी पट्टा काढून उलटा करून दाखवला. आतून तडेच तडे.

"आसाला वंगण लागतं गं. पट्ट्याला त्याल लागलं की त्यो नुसता घसरतोय, पंखा फिरत न्हाई आन् इंजिन तापतंय. पर तुझं एक दिसाचं चुकलं, माझं म्हैन्याचं. आण त्यो नवा."

गाडीतल्या चिंध्या सकाळीच माझ्या एरंडेलानं तेलकट झाल्या होत्या, म्हणून पट्टा ज्या चाकांवर फिरतो त्या पुल्या मी पदरानं पुसल्या. आबांनी नवा पट्टा चढवून ताणला. "अंगठ्यानं दाब. अर्धा इंच दबला की बराबर." मी दाबला. बरोबर होता. इंजिन निवल्यावर रेडिएटरात पाटाचं पाणी भरलं आणि निघालो.

पोहोचलो तेव्हा माझा नंबर होऊन गेला होता. शिपाई ऐकेना. मी दारातून हलेना. शेवटी मुलाखत घेणाऱ्या बाईंनी आत बोलावलं, पदराकडे बघितलं, आणि मी सगळं सांगून टाकलं. त्या खूप हसल्या. मग विचारलं, "वर्गात पोरगं रडायला लागलं तर काय कराल?"

"आधी का रडतंय ते बघीन," मी म्हणाले. "नुसता आवाज बंद करणार नाही."

प्रवेश मिळाला. दोन वर्षांनी साताऱ्याकडच्या एका शाळेत नोकरी लागली. तिथून दर दसऱ्याला मी आबांना कार्ड टाकायची: पट्टा बघा, तडा दिसला तर बदला. उत्तर एका ओळीचं यायचं, "हुकूम पावला."

एका वर्षी आत्यानं पुन्हा लग्नाचा लकडा लावला. स्थळ चांगलं, पण नोकरी सोडायची. माझ्या मनात काय आहे ते मी कुणालाच कळवलं नव्हतं. त्या दसऱ्याला उत्तरादाखल आलेल्या कार्डावर आबांच्या नेहमीच्या ओळीखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती: "तुझं तू ठरव. गाडी तयार हाय."