काटेवाल्याच्या बायकोची तारीख

काटेवाल्याचा कशावर चटकन विश्वास बसत नसे, आणि त्यात त्याचा फारसा दोषही नव्हता. उभा जन्म त्याने दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करण्यात घालवला होता. पारड्याच्या बुडाला चिकटवलेलं मेण, आतून पोखरून हलकं केलेलं वजन, करंगळीने हळूच दाबलेली दांडी, असं काय काय त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढे विजेवरचे काटे आले, तेव्हा लोक म्हणाले, चला, लबाडी संपली. काटेवाला नुसता हसला. लबाडी आता दिसणार नव्हती, एवढाच काय तो फरक.

घरीही तोच खाक्या. दूधवाल्याने चार थेंब जास्त घातले, की हा भांडं उजेडात नेऊन न्याहाळायचा. शेजाऱ्याने आपणहून जिना झाडला, तर ‘याला आता काय हवंय?’ म्हणून दिवसभर जिवाला घोर. बायको म्हणायची, "देव दारात उभा राहिला तरी तुम्ही आधी त्याचं ओळखपत्र मागाल."

"मागेन की. खरा असेल तर दाखवेल."

ती बायको जाऊन आता वर्ष उलटलं होतं. स्तनाचा कर्करोग. मोठ्या इस्पितळात पहिल्यांदा गाठ दाखवली, तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरने ‘साधी दिसतेय, सूज उतरेल’ असं म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं होतं. दोनेक महिन्यांनी पुन्हा गेले, तेव्हा गाठीचा तुकडा काढून तपासला आणि मग एकच पळापळ झाली. ते दोन महिने काटेवाल्याच्या घशात हाडकासारखे अडकून बसले होते. इस्पितळाचं नाव निघालं तरी त्याच्या कपाळावर आठी चढायची.

अशात एका सकाळी त्याच्या दुकानात एक बाई आली. शहरातल्या प्रत्येक इस्पितळातून कर्करोगाच्या रुग्णांची माहिती गोळा करायची आणि पुढे त्यांचं काय झालं ते घरोघर विचारून लिहायचं, हे तिचं काम. ती नोंदणी कार्यालयातून आली होती.

"काका, काकूंविषयी थोडं विचारायचं होतं."

"आधी ओळखपत्र दाखवा."

तिने गळ्यातलं ओळखपत्र पुढे धरलं. काटेवाल्याने चष्मा चढवला, फोटो पाहिला, तिच्याकडे पाहिलं, परत फोटो पाहिला.

"यात केस लांब आहेत."

"कापले, काका."

बरं म्हणून त्याने तिला स्टूल दिलं. तिने सांगितलं, की बऱ्याच शहरांच्या नोंदी आता एकत्र करून संशोधकांना द्यायच्या आहेत. त्यासाठी सगळ्यांनी एकाच पद्धतीने लिहायला हवं, म्हणून जुन्या नोंदी नव्याने नीट करणं चाललंय. मग हातातल्या टॅबवरून ती एकेक गोष्ट वाचून पडताळू लागली. वय बरोबर. पत्ता बरोबर. रोगाचं निदान झालं ती तारीख...

"थांबा," काटेवाला म्हणाला. "ही चूक आहे. आम्ही त्याच्या दोन महिने आधी इस्पितळात आलो होतो."

"हो, आधी आमच्याकडे तीच तारीख होती. आता बदललीय." आणि त्याला धीर देण्यासाठी ती पुढे म्हणाली, "तुमचीच नाही काका, सगळ्यांचीच बदललीय."

तिला वाटलं, यावर म्हाताऱ्याचं समाधान होईल. काटेवाल्याचा संशय मात्र दुणावला. सगळ्यांची! म्हणजे एकाचंच झाकायचं नव्हतं यांना. ज्या ज्या घरात उशीर झाला, त्या त्या घरातला उशीर एका फटक्यात साफ. आणि तो साफ केलेला माल देशोदेशी जाणार, शहाणी माणसं त्यावर अभ्यास करणार, आणि म्हणणार, वा, या इस्पितळात किती झटपट उपचार होतात!

बाई गेल्यावर त्याने शटर अर्धं खाली ओढलं आणि तडक नोंदणी कार्यालय गाठलं.

त्याच मोठ्या इस्पितळाच्या मागच्या बाजूला, धुलाईघराच्या वरच्या मजल्यावर ते कार्यालय होतं. खालून वाफेचा आणि साबणाचा वास येत होता. आत चार टेबलं, त्यावर संगणक, भिंतीला लोखंडी कपाटं. एका कपाटाचं दार लागत नसल्यामुळे त्याला खुर्ची टेकवून ठेवली होती. काटेवाल्याने ते बरोबर हेरलं. तिथल्या प्रमुख डॉक्टरीणबाई वयाने त्याच्याहून थोड्या लहान, केस पिकलेले. त्यांनी त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मघाची बाईही तोवर परतली होती. ती कानकोंडी होऊन उभी राहिली.

"काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एक इस्पितळ केसपेपर काढल्याची तारीख लिहायचं, दुसरं तपासणीचा अहवाल आल्याची, तिसरं थेट ऑपरेशनची. मग कुठले रुग्ण जास्त जगले, याची तुलना करायची कशी? म्हणून सगळीकडे एकच नियम. गाठीचा तुकडा काढला, तो दिवस धरायचा."

"सगळ्यांचा किलो सारखा हवा, हे मला नका सांगू. मी त्यावरच पोट भरलंय. किलो सारखा करताना कोणाचा माल कमी झाला, ते सांगा."

डॉक्टरीणबाईंनी त्याला खुर्चीत बसवलं. मग म्हणाल्या, "पहिल्या भेटीची तारीख आम्ही पुसलेली नाही. ती वेगळ्या रकान्यात आहे."

"ती पण बाहेर पाठवणार?"

"कोणी मागितली तर."

"मागितलीय कोणी?"

"अजून तरी नाही."

"बघा!" काटेवाला उठलाच. "मी तक्रार करणार आहे. लेखी."

त्या संध्याकाळी त्याने लेकीला बोलावून घेतलं. तिचं सासर जवळच होतं. ती आली, चहा टाकला, आणि ओट्याला टेकून बापाचं ऐकत राहिली. बाप तावातावाने सांगत होता. कोण कोण सामील असेल, तो तरुण डॉक्टर कोणाचा नातेवाईक असेल, खालचं धुलाईघर म्हणजे नुसता देखावा आहे की काय, इथवर गाडी गेली.

"तू लिहून दे," तो म्हणाला. "माझं अक्षर कोणाला लागत नाही. लिही, की इस्पितळाच्या दोन महिन्यांच्या हलगर्जीमुळे..."

"बाबा, नका करू तक्रार."

"का? तुला कोणी काही बोललं का? धमकी दिली?"

"काय धमकी! बाबा, आईला गाठ कधीची माहीत होती."

चहा उतू गेला. लेकीने गॅस बंद केला, पण फडकं काही घेतलं नाही.

"कधीची म्हणजे?"

"माझं बाळंतपण व्हायच्या आधीपासून. मला तिने हात लावून दाखवलं होतं. म्हणाली, तुझं होऊ दे, मग बघू. माझं झाल्यावरही टाळत राहिली. मी म्हटलं, मी बाबांना सांगते. तर मला शपथ घातली."

"मला का नाही सांगितलं?"

लेकीने चहाचं भांडं खाली उतरवलं. मग खाली बघत म्हणाली, "ती म्हणायची, यांना सांगितलं तर हे एका डॉक्टरवर विश्वास ठेवणार नाहीत. दहा ठिकाणी फिरवतील, दहाही जणांशी भांडतील. मला तेवढं त्राण नाही."

जगातल्या यच्चयावत माणसांवर काटेवाल्याने संशय घेतला होता. बायको हातचं राखून बोलत असेल, हे मात्र त्याच्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं. आणि ही लेक, हिनेसुद्धा! त्याने तिच्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं पाहिलं. तिला रडू फुटलं. तो जागचा हलला नाही. ती गेल्यावर ओट्यावरचा वाळलेला चहा त्याने स्वतः पुसला.

पुढचे काही दिवस त्याने दुकान उघडलं नाही. मग एक दिवस तो पुन्हा धुलाईघराच्या वरचा जिना चढला. त्याला पाहताच नोंदणीवाली बाई सावरून बसली.

"तक्रार आणलीय, काका?"

"नाही. एक गोष्ट लिहायची आहे. तिला गाठ फार आधी कळली होती. ते कुठल्या रकान्यात जातं?"

बाईने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "त्याला रकाना नाही, काका. घरच्यांच्या आठवणी प्रत्येकाच्या वेगळ्या. त्या नाही मोजता येत."

"म्हणजे तुमचे दोन महिने बाजूच्या रकान्यात, आणि आमचे कुठेच नाहीत?"

"नाहीत."

काटेवाल्याला हसू आलं की काय, कळलं नाही. मग तो म्हणाला, "बाहेर काय पाठवणार, ते दाखवा मला. तिचं नाव असलं तर मी हलणार नाही इथून."

बाईने संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. आकड्यांच्या रांगाच रांगा. नाव नाही, पत्ता नाही, गल्ली नाही. काटेवाल्याने चष्मा पुसला आणि वरून खाली वाचत गेला. त्याच वयाच्या बायका कितीतरी होत्या. तोच आजार, तेच वर्ष.

"यातली आमची कुठली?"

"ते आम्हालाही या यादीवरून सांगता येऊ नये, म्हणूनच असं केलंय."

त्याने बोट पडद्यावर ठेवलं, मग काढून घेतलं. इतक्या बायका! प्रत्येकीच्या घरी कोणीतरी कोणाला काहीतरी सांगितलं नसेल, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला उगाचच त्या सगळ्या घरांचा राग आला, आणि कीवही.

"पाठवा," तो म्हणाला. "पण तो पहिल्या भेटीचा रकानाही पाठवा. कोणी मागायची वाट बघू नका."

"वर विचारावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"विचारा. मी दर महिन्याला येऊन बघणार आहे, विचारलंत की नाही."

आणि तो खरंच जात राहिला. कार्यालयातल्या लोकांनी त्याचं नाव ‘तपासणीस’ पाडलं. तो रकाना अखेर पाठवायचं ठरलं, तेव्हाही त्याने डॉक्टरीणबाईंकडून ते तीनदा वदवून घेतलं.

लेकीशी मात्र त्याचं बोलणं अजून तुटक होतं. आईला हा आजार असल्याने तिनेही वेळच्या वेळी तपासून घ्यावं, असं नोंदणीवाल्या बाईने त्याला एकदा सुचवलं होतं. तेवढ्यासाठी तो तिच्या घरी गेला, आणि तिला घेऊन तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर बसला.

"तुला काही जाणवतं का?" त्याने समोरच्या भिंतीकडे बघत विचारलं. "खरं सांग."

"नाही, बाबा."

"आणि असतं तर सांगितलं असतंस?"

"सांगितलं असतं."

तिला आत बोलावलं. काटेवाला दार लागेपर्यंत तिच्या पाठीकडे बघत राहिला. ती खरं बोलतेय की नाही, हे त्याला काही केल्या ठरवता येईना.