गोळीवरची ताकीद

हिलाल फिटर कसा माणूस, असं धरणगावात कोणालाही विचारलं तर एकच उत्तर मिळे : चांगला, पण तोंडाला कुलूप. जिनिंगमध्ये सरकी काढायची यंत्रं दुरुस्त करायचं त्याचं काम. दिवाळीपासून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, भुवयांवर कापसाचे तंतू घेऊन फिरायचा आणि बोलायची वेळ आली की नुसती मान हलवायचा. त्याच्या वाटचं बोलणं बायको ताईबाई बोलून टाकायची. भाजीवाली असो, पोस्टमन असो, तिच्या तावडीतून कोणी लवकर सुटायचं नाही. लग्नाला बरीच वर्षं उलटल्यावर, सगळ्या देवांचे उंबरे झिजवल्यावर, या दोघांना एक मुलगा झाला. भटू त्याचं नाव. त्याच्या नुसत्या शिंकेनं ताईबाईचा जीव वरखाली व्हायचा.

भटू नऊ वर्षांचा झाला आणि वाळायला लागला. रात्रंदिवस तहान, दर घटकेला मोरीकडे धाव. जळगावच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि मधुमेह सांगितला. ताईबाई डॉक्टरांवरच उखडली, "हाऊ ते म्हतारा शेठलोकेसना आजार शे! आम्हना पोऱ्याले कोठून?"

डॉक्टर भला माणूस होता, रागावला नाही. रोज सुई टोचावी लागेल म्हणाला. साखर बंद म्हणाला, चहात नाही, दुधात नाही, कशातच नाही. पोरगं फारच रडलं तर चहात टाकायला सॅकरिनच्या गोळ्या लिहून दिल्या. आणि झालं, आपण सगळं सांगितलं असं त्याला वाटलं. अहो, पण आमच्याकडे साखर म्हणजे वाण्याच्या पुडीतली पांढरी साखर. गूळ म्हणजे गूळ! उन्हातून आलेल्या माणसाला आपण गूळ-पाणी देतो, बाळंतिणीला गूळ देतो, बैल थकला तर त्यालाही गूळ चारतो. गूळ हे आमच्या घरात औषधच. त्याचं नाव डॉक्टरांनी घेतलं नाही, आणि यांनी विचारलं नाही. विचारायचं सुचणार तरी कसं?

ताईबाईनं मात्र जिवाचं रान केलं. सुई टोचायला ती वांग्यावर शिकली. काचेची पिचकारी रोज उकळायची, औषधाची बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवायची. घरातला साखरेचा डबा तिनं शेजारी भिकुबाईकडे नेऊन दिला तो कायमचाच. भटूच्या चहात तेवढी गोळी पडायची. पोराच्या अंगावर थोडं मांस चढलं, तो पुन्हा शाळेत जाऊ लागला. हिलालला वाटलं, निभावलं. एवढं तो कोणाजवळ बोलला नाही, पण जिनिंगमध्ये सोबत्यांना त्यानं स्वतःहून चहा पाजला.

आखाजी तोंडावर आली तेव्हा गोळ्यांची बाटली संपली. नवी आणायला दोघं निर्मलकुमारच्या औषधाच्या दुकानात गेले. निर्मलशेठ तोलूनमापून बोलणारा, दुकानात कोणाला फसवलं असं कधी कानावर नाही. त्यानं बाटली काढली, कागदात बांधता बांधता थांबला आणि विचारलं, "भाभी, नेता कोणासाठी?"

"भटूसाठी. दुसरं कोण शे मना घरमा?"

निर्मलशेठनं चष्मा कपाळावर चढवला, बाटली डोळ्यांजवळ नेली. "नवीन माल आहे. यावर लिहिलंय बघा. लहान मुलांना देऊ नये."

ताईबाईनं बाटली हिसकावून घेतली. चौथीपर्यंत शिकलेली बाई. पण अक्षरं इंग्रजी होती, मुंगीएवढी. तिनं ती हिलालपुढे धरली. हिलालला यंत्रांवरची इंग्रजी अक्षरं लावायची सवय. त्यानं एकेक अक्षर लावलं आणि मान हलवली. खरंच तसं लिहिलं होतं.

बाई पांढरीफटक पडली. आजवर किती गोळ्या गेल्या पोराच्या पोटात! "डॉक्टर ते तोंडवरी बोलना," ती म्हणाली, "हाई छापेल शे. छापेल खोटं ऱ्हास का?" निर्मलशेठ म्हणाला, मी काही डॉक्टर नाही, जळगावला विचारून घ्या. जळगावची पुढची खेप महिन्यानं होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. हिलाल एवढंच म्हणाला, "उगाच कोण कशाला छापेल?" बाटली दुकानातच राहिली.

आखाजीला आमच्याकडे खापरावरचे मांडे नसले तर सण झाला असं कोणी म्हणत नाही. ताईबाईनं पुरण घातलं ते गुळाचं, मुद्दाम चांगली पिवळी ढेप आणून. साखर नाही, ती मेली गोळी नाही, तर पोराला सणाचा घास मिळायला काय हरकत? भटूनं पहिला घास तोंडात घेतला आणि डोळेच मिटले. "माय, गोड लागस व!" त्यानं आणखी मागितला, तिनं वाढला. हिलाल समोर बसून बघत होता. पोराच्या हनुवटीवरून तूप ओघळत होतं आणि बापाला इतकं बरं वाटलं की स्वतःच्या ताटातला मांडा त्यानं तसाच ठेवला.

मग काय, मार्गच सापडला. चहा गुळाचा, भाकरीवर गूळ-तूप, शाळेतून आला की हातावर गुळाचा खडा. पोराची तहान वाढली, तर उन्हाळा आहे म्हणाले. पोरगं उतरायला लागलं, तर सुईचं औषध उन्हानं नासलं असेल म्हणून नवी बाटली आणली. एका सकाळी भटू ओकायला लागला, श्वास धापा टाकल्यासारखा चालू झाला, तोंडाला कुजक्या फळासारखा वास यायला लागला. एस.टी.त ताईबाईनं त्याला मांडीवर धरलं होतं आणि तो तिला ओळखत नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरांनी हिलालला व्हरांड्यात बोलावलं. खायला काय देत होते, विचारलं. हिलाल त्या दिवशी भडाभडा बोलला. साहेब, साखरेचा कण नाही. तुमची ती गोळीसुद्धा बंद केली, तिच्यावर लिहिलं होतं ना, म्हणून. नुसता घरचा गूळ.

"गूळ आणि साखर एकच हो," डॉक्टर म्हणाले. "शरीराला दोन्ही सारखेच."

"आणि गोळी?"

"गोळी चालली असती. ती ताकीद छापायची म्हणून छापलेली असते. मला येऊन विचारायचं होतं."

हिलालनं भिंतीला पाठ टेकली. बाटलीवर ताकीद होती, गुळाच्या ढेपेवर कोण छापणार होतं? आत ताईबाई पोराचे पाय चोळत बसली होती. तिच्याकडे बघून हिलालनं डॉक्टरांपुढे हात जोडले. "तिले सांगू नका, साहेब." डॉक्टर म्हणाले, मी नाही सांगत. दुसऱ्या दिवशी उजाडताना भटू गेला.

ताईबाई वेडी होईल असं सगळ्यांना वाटलं. झाली नाही, कारण तिला शत्रू सापडला. गोळी! सुरुवातीला दिलेल्या त्या गोळ्यांनीच पोराचं काळीज आतून पोखरलं, याबद्दल तिला तीळभर शंका नव्हती. ती शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहायची. गारीगारवाल्याची गाडी आली की आयांना सांगायची, "यामा सॅकरिन ऱ्हास, बाई! मना पोऱ्या गया तेन्हामुळे." आया पोरांना ओढून घेऊन जायच्या. गारीगारवाला शिव्या घालायचा, ती दुप्पट घालायची. हिलाल हे सगळं बघायचा, ऐकायचा. एकदा बोलावंसं वाटलं, घसा साफही केला. पण काय बोलणार? ती रोज उठत होती, चूल पेटवत होती, त्याच्या ताटात गरम भाकरी वाढत होती. त्या गोळीवरच्या रागावरच ती उभी आहे हे त्याला दिसत होतं, आणि तो राग काढून घेतला तर खाली काय उरेल याचा विचारही त्याला करवत नव्हता. म्हणून तो गप्प राहिला. गप्प राहणं त्याला जमतच होतं. अशी आठ वर्षं गेली.

मग चाळीसगावहून हिलालच्या धाकट्या भावाचा, झुलालचा निरोप आला. त्याच्या योगिताला तोच आजार निघाला होता. सात वर्षांची पोर. ताईबाईनं लुगड्यांचं गाठोडं बांधलं आणि वाटेत एस.टी.मध्ये एक शब्द बोलली नाही, तेव्हाच ती काय करायला निघालीय हे हिलालला कळलं. त्यानं ठरवलं, झुलालला एकटं गाठायचं आणि हळूच सांगून टाकायचं.

तेवढा वेळच मिळाला नाही. घरात पाऊल टाकल्याबरोबर ताईबाईला फळीवर गोळ्यांची बाटली दिसली. तिनं ती उचलली, दारातून थेट गटारात भिरकावली. झुलालची बायको कमलबाई घाबरून उभी राहिली. "अक्का, डॉक्टरनं दिली होती..."

"डॉक्टरले काय शे? पोऱ्या मना गया!" ताईबाईला धाप लागली होती. "तिन्हावर छापेल शे, लहान पोरेसले देवानं नही. तू घाबरू नको. मी आठेच तुन्हा घरमा ऱ्हासू महिनाभर. मी करीसन घालसू तिले." असं म्हणून तिनं योगिताला मांडीवर ओढलं. येताना बाजारातून घेतलेला गूळ तिच्या पदराला बांधलेला होता. तिनं गाठ सोडली आणि खडा पोरीच्या तळहातावर ठेवला. "खाय, माय. हाई साखर नही."

पोरीनं हात तोंडाकडे नेला आणि हिलालनं झेप घालून फटका मारला. खडा घरंगळत कोपऱ्यात गेला. पोर किंचाळली.

"गूळ नको!" हिलाल ओरडला. एवढ्या मोठ्यानं ओरडताना त्याला कोणी कधी ऐकलं नव्हतं. "गूळ म्हणजे साखरच. गुळानंच गेला आपला भटू. गोळीनं नाही."

ताईबाईनं विचारलं, "कोणी सांगं?"

"डॉक्टरांनी."

"कव्हय?"

"तेव्हाच. तो जिवंत होता तेव्हाच."

ती रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. "आन् तुम्ही आठ वरीस मना हातनं खात ऱ्हायनात?" ती म्हणाली.

कमलबाई पुढे आली, तिनं योगिताला ताईबाईच्या मांडीवरून उचललं, पोरीचा चिकट झालेला तळहात स्वतःच्या पदरानं पुसला आणि आतल्या खोलीत नेलं. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, आईच ती. पण ताईबाईची मांडी तशीच पसरलेली राहिली.

योगिता जगली. तिच्या आईनं तिला गूळही दिला नाही आणि गोळीही दिली नाही; पोरगी बिनसाखरेचा चहा प्यायला शिकली. झुलालनं तसं पत्रात कळवलं. हिलालनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं, ताईबाईनं ऐकलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

धरणगावला परतल्यापासून ती चुलीजवळ गेली नाही. जिनिंगवरून आला की हिलालच पीठ मळतो. यंत्राचे दाते अंधारात चाचपून ओळखणाऱ्या त्या हातांना भाकरी काही जमत नाही. एकीकडे कच्ची, एकीकडे करपलेली. ताईबाई खांबाला टेकून बसलेली असते, तो वाढेल ते खाते. एका संध्याकाळी त्यानं वांग्याची भाजी टाकली आणि, बोलायला काहीतरी हवं म्हणून, मिठाची वाटी तिच्याकडे सरकवली. "तेवढं मीठ टाक. मला अंदाज येत नाही."

ताईबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"तुम्हीच टाका," ती म्हणाली. "मना हात नको लागाले."